जिथं मावेल तिथं

गाडी दाराशी लागली तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते, आणि आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय रोवून दादाला सांगत होती, "माझ्या कपबश्यांना हात लावलास तर याद राख."

"अगं आई, खोकं उचलतोय फक्त."

"तेच म्हणते मी. ठेव खाली."

दादाने खोकं खाली ठेवलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, इमारतींचे नकाशे काढणारा. त्याने कागदावर रेघ ओढली की कुठंतरी भिंत उभी राहायची. पण आईने 'ठेव' म्हटलं की तो अजूनही ठेवायचा. धाकटीला हसू फुटलं, ते तिने पार्सलच्या जावळात नाक खुपसून लपवलं.

पार्सल म्हणजे धाकटीची सात महिन्यांची लेक. जन्मली तेव्हा आजोबांनी तिला दोन्ही हातांवर तोलून पाहिलं होतं आणि जाहीर केलं होतं, "नाजूक माल. उलटा धरू नका." तेव्हापासून खरं नाव दाखल्यावर राहिलं आणि हे सगळ्यांच्या तोंडात बसलं.

बाबांना दुसरं काही सुचलंच नसतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं हलवली होती. तिसऱ्या मजल्यावरचा पियानो खिडकीतून दोरांनी उतरवावा तर त्यांनीच. आरसा आडवा धरणाऱ्या गड्याला त्यांनी भर रस्त्यात कामावरून काढलं होतं, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन परत बोलावलं होतं. खालच्या खोलीत दोर, ताडपत्र्या, जुन्या रजया. वरच्या दोन खोल्यांत संसार. काचसामान मात्र आईचं. घर हलायच्या आदल्या दिवशी ती त्या घरी जायची आणि दिवसभर परक्या बायकांच्या कपबश्या, बरण्या, तसबिरी कागदात गुंडाळायची. कागदाबरोबर त्या बायकांच्या गोष्टीही तिच्याकडे यायच्या. "सामान यांनी हलवलं, माणसं मी हलवली," असं ती म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आता त्यांचंच घर हलत होतं. घर विकायचं यावर कुणाचं दुमत नव्हतं. बाबा जिन्यावरून घसरून पाय मोडून घेऊन बसले, तेव्हा सगळ्यांच्या आधी "विकून टाका" म्हणाली ती आईच. त्यामुळे पुढचं सगळं तिला मान्यच असणार, असं तिन्ही भावंडांनी धरून चाललं. दादा म्हणाला, "माझ्याकडे राहतील." ताई म्हणाली, "उत्तम." धाकटी म्हणाली, "बरं." आई काहीच म्हणाली नाही. आईच्या गप्प बसण्याला या घरात होकार समजत नसत, हे तिघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं. नेमकं त्याच दिवशी तिघं विसरले.

दादाने तर आपल्या घरातल्या त्या खोलीचा नकाशाही काढून आणला होता. जाड कागदावर खोली, आणि खाटा, खुर्ची, कपाट यांचे मापात कापलेले छोटे तुकडे, सरकवून बघायला. गेल्या रविवारी त्याने तो बाबांपुढे मांडला होता. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ तुकडे इकडचे तिकडे केले होते, आणि शेवटी म्हणाले होते, "माप चोख आहे. आता यात तुझी आई कुठं उभी राहून भांडेल, तेवढं दाखव." सगळे हसले होते. दादा जरा जास्तच.

"लंब्या, आधी कपाट घे," बाबा आता रस्त्यावरून ओरडत होते. त्यांना काठी टेकून उभं राहायची परवानगी होती, उचलायची नव्हती. ताईने तसं बजावलं होतं. ताई इस्पितळात नर्स, आणि तिचं बजावणं साधंसुधं नसे.

लंबूकाका बाबांचा जन्माचा भागीदार. सत्तरीतही तो दाराच्या चौकटीखाली मान वाकवूनच आत यायचा. बरोबर दोन तरणे गडी होते. "कपाट आधी नाही, कपाट शेवटी," लंबूकाका म्हणाला. "उतरवताना आधी निघायला पाहिजे ते चढवताना शेवटी. तूच शिकवलंयस."

"तेच म्हणालो मी."

"आधी म्हणालास."

"मग चुकलो. गुन्हा झाला काय?"

बाबांच्या तोंडून 'चुकलो' ऐकून लंबूकाका क्षणभर थबकला. मग मान हलवून कामाला लागला.

पार्सलला भूक लागली होती. धाकटी खालच्या खोलीत ताडपत्रीच्या गुंडाळीवर टेकली आणि तिला जवळ घेतलं. समोर खोकी रचलेली होती, आणि प्रत्येकावर निळ्या खडूची खूण.

या खुणा बाबांच्या. गड्यांना वाचता येत नसे त्या काळातल्या. गोल म्हणजे स्वयंपाकघर. दोन आडव्या रेघा म्हणजे झोपायची खोली. त्रिकोण म्हणजे बाहेरची. सामान नव्या घरी पोचलं की खूण बघायची आणि त्या खोलीत ठेवायचं, विचारायचं काम नाही. दादाला यात कधी रस नव्हता. ताईला खडूचा हात कपड्यांना लागलेला खपत नसे. धाकटी मात्र या खुणा बघतच मोठी झाली होती, अआइई शिकायच्याही आधी. काल दादा हसून म्हणाला होता, "करू द्या बाबांना खुणा. तेवढाच जीव रमेल. नाहीतरी सगळं एकाच खोलीत उतरवायचंय."

पार्सल चुटूचुटू पीत होती आणि धाकटीची नजर सहज खोक्यांवरून फिरत होती. गोल. गोल. दोन रेघा. त्रिकोण. परत गोल.

तिने पुन्हा पाहिलं.

एकाच खोलीत जायचं तर तीन खुणा कशाला? आणि गोल? दादाकडचं स्वयंपाकघर वहिनीचं, त्यात सुई ठेवायला जागा नाही. पातेली, डबे वाटून टाकायचे असं ठरलं होतं. ताईने यादीसुद्धा केली होती. तरी सात खोक्यांवर ठसठशीत गोल. शेगडीवर गोल. वाटण्याच्या यंत्रावर गोल.

धाकटीने मान वर केली, तर आई दारात उभी. तिच्या हातात खडू होता.

"पोरीकडे लक्ष दे," आई म्हणाली. "ठसका लागेल तिला."

"आई, हे सामान कुठल्या घरी चाललंय?"

"हळू बोल."

"कुठल्या?"

आई आत आली, दार लोटलं आणि धाकटीशेजारी ताडपत्रीवर बसली. बसताना गुडघ्यावर हात ठेवून जरा कण्हली, मग कण्हलेलं कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून लेकीकडे बघितलं. "लंबूच्या गल्लीत. त्याच्या समोरचंच घर. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. तळमजला, एक पायरी नाही. दोन महिने झाले भाड्याने घेऊन."

"दोन महिने! आणि आम्हाला..."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सभा भरवली असती. दादाने नकाशा काढला असता, ताईने रक्तदाब मोजला असता, आणि तू रडली असतीस. मी पण मग विरघळले असते. आता सामान गाडीत चढायला लागलंय. चढलेलं सामान उतरवून घरात परत नेलं असं तुझ्या बापाच्या धंद्यात एकदाही झालेलं नाही."

 आठवड्यापूर्वी धाकटीनेच दादाला फोनवर शब्द दिला होता: तू काळजी करू नकोस, आईला मी सांभाळून घेते. 'सांभाळून घेते', म्हणजे जणू आईच सात महिन्यांची होती. आणि खरं म्हणजे दादाकडे ती दोघं राहिली की आपल्याला बरं, एवढा सरळ हिशोब त्यामागे होता. रात्र रात्र जागून तिचेच डोळे खोबणीत गेले होते. आणखी दोन जिवांची काळजी आपल्या वाट्याला यायला नको, असं मनात येऊन गेलं होतं, आणि ते येऊन गेल्याची लाजही वाटली होती.

"दादाला सांगणारेस?" आईने विचारलं. आवाजात विनवणी नव्हती. नुसतं माहीत करून घ्यायचं होतं.

"तू सांगायला हवंस."

"सांगीन ना. पोचल्यावर."

पण तेवढा वेळ मिळाला नाही. दार ढकलून दादा आत आला तो थेट खोक्यांपाशी गेला. "हे भांड्यांचं अजून इथंच? हे वाटून टाकायचं होतं ना? गडी गाडीत भरतायत." तो वाकला, खूण बघितली, मग शेजारची, मग त्याच्या शेजारची. शेवटी नकाशे वाचणाराच माणूस. "हे गोल म्हणजे काय गं?"

धाकटीने आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं.

"स्वयंपाकघर."

"आमच्या?"

"नाही," आई म्हणाली. "आमच्या."

मग जे झालं ते रस्त्यापर्यंत गेलं. दादाचा आवाज चढला की तो बारीक होतो, किंचाळत नाही, आणि त्यानेच ऐकणाऱ्याला जास्त लागतं. "म्हणजे मी खोली रिकामी केली. रंग दिला. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. आणि तुम्ही आतल्या आत हे कारस्थान..."

"कारस्थान काय रे? भाड्याने घर घेतलं. दरोडा नाही घातला."

ताई धावत आली. तिला दोन वाक्यांत सगळं कळलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती दादासारखी चिडली नाही. तिने आईचे दोन्ही दंड धरले. "आई, मी रोज बघते गं. एकटी राहणारी म्हातारी माणसं आमच्याकडे कशी येतात ते बघते. बाबा परत पडले तर?"

"तर पडतील."

"आई!"

"दादाच्या घरी फरशी मऊ आहे का? पडणारा माणूस कुठंही पडतो. नव्या घरी पडले तर मी उठवीन. नाही झेपलं तर खिडकीतून लंबूला हाक मारीन. तो काय, हात लांब केला तरी पोचतो."

लंबूकाका दोर गुंडाळत दुसरीकडे बघत राहिला. भांडणात दोर गुंडाळणं हा त्याचा जुना उपाय.

"लोक काय म्हणतील?" दादा म्हणाला. म्हणाला आणि स्वतःलाच ते लागलं असावं, कारण पुढचं घाईघाईने आलं. "लोकांचं जाऊ दे. मला काय वाटेल? मुलगा असून तुम्ही भाड्याच्या घरात. मी कमी पडलो का कुठं? तेवढं सांग. कुठं कमी पडलो?"

आईने खडू खोक्यावर ठेवला. हात झटकले. आणि धाकटीच्या लक्षात आलं की हे बोलणं आईने मनात कितीतरी वेळा घोळवलं असणार, कारण ती अडखळली नाही.

"कुठंही कमी पडला नाहीस. नीट ऐक. या खुणांत आणखी एक खूण असते, ती तुम्हाला कुणी शिकवली नाही. फुली. फुली म्हणजे, जिथं मावेल तिथं. घर हलवताना नवराबायकोच्या सामानाला खोली असते. पोरांच्या सामानाला खोली असते. आणि म्हातारीची पेटी आली, म्हाताऱ्याची खुर्ची आली, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, त्यावर फुली मारा, बघू कुठं मावतं ते. वाईट माणसं नव्हती ती. तुझ्यासारखीच होती, आईबापांना जपणारी. आणि म्हातारी तिथंच उभी असायची, आपल्या खुर्चीवर फुली पडताना बघत. मी बघितलंय. दहा घरी नाही, शंभर घरी. खडू मीच दिलाय त्यांच्या हातात."

 गड्यांपैकी एकजण उशी छातीशी धरून गाडीत तसाच उभा राहिला होता.

"तुझ्या घरी आम्हाला काही कमी पडणार नाही, ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "डोक्यावर घेऊन नाचशील. पण डोक्यावर घे नाहीतर पायाशी, जागा तू ठरवणार. मला माझी जागा मी ठरवायचीय. अजून हात चालतायत तोवर. माझ्यावर फुली मारून घ्यायची नाही मला."

"मी कधी फुली..."

"त्या खोलीत हिचं टेबल होतं." आईने हनुवटीने वहिनीकडे दाखवलं.

वहिनी सगळ्यांसाठी थर्मासमधून चहा ओतत होती, ती थांबली. वहिनी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची. शांत बाई, चुका शोधायच्या त्या कागदावरच्या, माणसांच्या नाही, असा तिचा बाणा.

"ते गॅलरीत हलवलंय," दादा म्हणाला. "तिची काही हरकत नव्हती."

"मला विचारलं नव्हतं," वहिनी म्हणाली. एवढंच. मग कप भरून तो बाबांच्या हातात देत, दादाकडे न बघता, "आईंनी विचारलं होतं. तुझं टेबल कुठं जाणार म्हणून. मी म्हटलं, गॅलरीत. त्या म्हणाल्या, ऊन येतं तिथं, डोळे जातील तुझे. त्यानंतर आठ दिवसांनी मला लंबूकाकांच्या गल्लीत घेऊन गेल्या."

"तुला माहीत होतं?"

"तिथले पडदे मी शिवलेत."

दादा मटकन फुटपाथच्या कडेला बसला. गेल्या महिन्यात वहिनीने मशीनवर हिरव्या कापडाचे गठ्ठे काढले होते आणि त्याने विचारलं होतं, कुणाचं हे. आणि ती म्हणाली होती, ओळखीच्यांचं. खोटं बोलली नव्हती ती.

"सगळेच मिळालेले आहात," तो म्हणाला. "मी एकटा मूर्ख." आणि मग हट्टाने, शाळेतल्या पोरासारखा, "पण गाडी तिकडे जाणार नाही. लंबूकाका, किल्ली द्या. आधी माझ्या घरी चला, शांतपणे बसून बोलू."

लंबूकाकाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी चहाचा घोट घेतला. "माझ्याकडे काय बघतोस? गिऱ्हाईक ती आहे," ते म्हणाले.

 आईने कपबश्यांचं खोकं पोटाशी उचललं, रस्त्यावर उतरली आणि चालायला लागली.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाईल. ती कोपऱ्यावरून वळली. लंबूकाका चटकन गाडीत चढला, बाबांना शेजारी ओढून घेतलं, आणि किल्ली फिरवली. खालची खोकी भांडण चालू असतानाच गाडीत गेली होती, चढवायचं उरलं होतं ते एकटं कपाट; ते गड्यांनी एका दमात वर लोटलं. गाडी आईच्या मागोमाग निघाली, मुंगीच्या पावलांनी, कारण पुढं जाऊन आईला मागं टाकायची लंबूकाकाची छाती नव्हती. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. एक सायकलवाला ओरडला, "आजी, बाजूला व्हा की!" आई म्हणाली, "घर हलतंय माझं. थांब जरा."

धाकटी अजून दारात होती. अर्धवट दूध प्यालेली पार्सल खांद्यावर. शेजारी फुटपाथवर दादा, तोंड हातात धरून. इथं थांबून त्याच्या पाठीवर हात ठेवणं सोपं होतं. तोही तिचाच होता. लहानपणी शाळेत पोचवणारा, पहिली सायकल धरून मागे पळणारा. ती वाकली आणि म्हणाली, "दादा, तू चुकला नाहीस. पण मी चाललेय तिच्याबरोबर." आणि ती पळत सुटली. पार्सलची मान सांभाळत, चप्पल फटफटवत, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच अशी पळाली.

आईला गाठलं तेव्हा तिला धाप लागली होती. आईलाही.

"दे इकडे ते खोकं."

"तुझ्या हातात आहे की एक."

"मग अदलाबदल कर."

आईने क्षणभर विचार केला, खोकं दिलं आणि नात घेतली. पार्सलने आजीची पांढरी बट मुठीत पकडली. वीस मिनिटांची वाट दोघींनी तशीच काढली, मागे गाडी, गाडीमागे भोंगे. मध्येच आई म्हणाली, "बोलले ते जास्त झालं का गं?"

"नाही."

"त्याचा चेहरा बघवेना मला. म्हणून उठून चालायला लागले. नाहीतर बसले असते तिथंच."

नवं घर बुटकं होतं, पण उजेडाचं. हिरवे पडदे. स्वयंपाकघरात खिडकीखाली ओटा, आणि खिडकीतून लंबूकाकाचं दार. गड्यांनी खुणा बघत खोकी लावायला घेतली. कुणाला काही विचारावं लागलं नाही; बाबा मधोमध खुर्ची टाकून नुसते बघत होते, आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

ते, आधीच उतरवून दाराबाहेर ठेवलेलं कपाट आत न्यायची वेळ येईपर्यंत.

कपाट दारातून आत जाईना. उभं नाही, आडवं नाही, तिरकं नाही. लंबूकाकाने एकदा ढकलून पाहिलं, चौकटीचा टवका उडाला. मग त्याने पट्टी लावली आणि वळून बाबांकडे पाहिलं. "दोन बोटं कमी आहेत."

"कसं शक्य आहे?"

"माप घेतलं होतंस ना?"

बाबांनी हातातल्या काठीकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या घरांची मापं दोन-दोनदा घेतली होती. दार, जिना, जिन्याचं वळण. स्वतःच्या घराचं मात्र संध्याकाळी फिरायला जातो म्हणून सांगून, चोरून, घाईघाईत, पट्टी घरीच विसरून, काठीने घेतलं होतं. आणि दाराचं माप असं घेतल्यानंतर ताईने त्यांच्या मोडलेल्या पायासाठी नवी काठी आणली होती, जुन्या काठीहून लांब. कपाट त्यांनी मोजलं ते या नव्या काठीने.

लंबूकाका हसायला लागला तो खाली बसूनच राहिला. "चाळीस वर्षं," तो डोळे पुसत म्हणाला, "चाळीस वर्षं, आणि स्वतःचं कपाट..."

"हसू नकोस, लंब्या."

"रस्त्यावर ठेवू या. फुली मारू."

"दाराचा पल्ला काढला तर जाईल."

हे मागून आलं. दादा गल्लीत उभा होता. त्याच्यामागे वहिनी आणि ताई. तिघं दादाच्या गाडीतून आले होते आणि किती वेळ उभे होते कोण जाणे. दादाने कुणाकडे पाहिलं नाही. सरळ चौकटीपाशी आला, बोटांनी बिजागऱ्या चाचपल्या. "पल्ल्याची जाडीच दोन बोटं आहे. मळसूत्रं जुनी आहेत पण निघतील. पेचकस आहे का?"

बाबांनी खिशातून काढून दिला. त्यांच्या खिशात तो असायचाच.

पल्ला निघाला. कपाट, दोन्हीकडे जेमतेम घासून, आत गेलं. मग पल्ला परत बसवायला पाऊण तास लागला, कारण जुनी भोकं रुंदावली होती. बाबा खाली जमिनीवर बसले, पल्ल्याखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत. दादा वर मळसूत्रं आवळत. दोघांत बोलणं होतं ते एवढंच: "केसभर वर." "आता?" "डावीकडे घे." "आता?" "आता बरं." धाकटी पार्सलला मांडीवर थोपटत बघत होती. आयुष्यात दादाने बाबांबरोबर एक खोकं उचललं नव्हतं. त्याला तो धंदा लाजिरवाणा वाटायचा, आणि बाबांना ते माहीत होतं, आणि दोघांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

शेवटचं मळसूत्र आवळून दादाने दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "बघ. आवाजसुद्धा नाही."

आईने येऊन स्वतः उघडून पाहिलं, स्वतः मिटून पाहिलं. कडी घातली, काढली. "चांगलं झालंय," ती म्हणाली. आणि मग, "चला. निघा आता."

"निघा?" ताई म्हणाली. "अगं, एक खोकं सोडलेलं नाही अजून. जेवायचं काय? बाबांची खाट..."

"खाट लागली आहे. खोकी माझी मी सोडीन. जेवायला काहीतरी करीन, दोघांपुरतं." आईचा आवाज जरा हलला, तो तिने सावरला. "तुम्ही सगळे इथं थांबलात तर हे घर तुमचं होईल. ताई डबे लावेल, दादा खाट सरकवेल, धाकटी मला बसवून ठेवेल. जा बाळांनो. आज जा."

तिने एकेकाला बाहेर काढलं. ताईला, तिची पिशवी हातात देऊन. वहिनीला, गालावर हात ठेवून. धाकटीला, पार्सलची पापी घेऊन. लंबूकाकालासुद्धा, "तू पण जा, समोरच तर राहतोस." शेवटी दादाला. त्याच्या सदऱ्याला लाकडाचा भुसा लागला होता. आईने तो झटकला, आणि दार लावून घेतलं.

खरंच आवाज आला नाही. आतून कडी पडली तेवढी ऐकू आली.

गल्लीत पाच माणसं आणि एक मूल उभं राहिलं, हाकलून दिलेल्या पोरांसारखं. पहिली हसली ती वहिनी. मग ताईही, डोळे पुसत पुसत. "बघितलंस? बाहेर काढलं आपल्याला." लंबूकाका मान खाली घालून आपल्या दारात शिरला. ताई आणि वहिनी गाडीकडे निघाल्या. धाकटीही निघाली, पार्सल खांद्यावर झोपली होती. पण दादाची पावलं मागे ऐकू येईनात म्हणून ती वळली.

तो तिथंच होता. दारासमोर. त्याने कडीला हात लावला नाही, नुसतं बघत राहिला. मग चौकटीवर इकडेतिकडे शोधलं, आणि त्याला घंटीचं बटण सापडलं.

त्याने घंटी वाजवली.

"कोण आहे?" आतून आईचा आवाज.

"मी."

"मी कोण?"

धाकटीला वाटलं, आता हा चिडणार. दादाने घसा साफ केला.

"थोरला. आत येऊ का?"

 मग आईचा आवाज, दाराकडे नाही, खोलीत मागे वळून, "अहो, थोरला आलाय. येऊ का म्हणतोय. काय सांगू?"

बाबा काय म्हणाले ते बाहेर ऐकू आलं नाही. दादा पायपुसण्यावर आधी उजवा पाय पुसायला लागला, मग डावा, आणि वाट बघत उभा राहिला.